बाळंतपणाची तारीख थांबत नाही

२९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी आले आणि देशातले पहिले आधार क्रमांक तिथल्या गावकऱ्यांच्या हाती पडले. शहादा तालुक्यातले हे छोटे आदिवासी गाव त्या दिवशी देशभर गाजले. ज्यांच्याकडे धड कागद नाही, त्यांना सरकारदरबारी ओळख मिळावी, ही त्यामागची कल्पना होती. आज याच जिल्ह्यातला माणूस पहिला पासपोर्ट काढायला बसतो तेव्हा त्याच्या ध्यानात येते, की आधार ओळखीला चालते, पत्त्यालाही चालते, जन्मतारखेला मात्र चालत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये आधार प्राधिकरणानेच तसे स्पष्ट केले आणि पासपोर्टच्या नियमांत जन्मतारखेसाठी जे कागद मोजले आहेत, त्यांत आधार नाही.

इथेच अनेकांचा पहिला महिना जातो.

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात पहिला पासपोर्ट सहसा हौसेखातर निघत नाही. शहादा, तळोदा, नवापूर या भागांतली मुले पुण्याला शिकली, तिथून अमेरिकेला, जर्मनीला, दुबईला गेली. मग एक दिवस फोन येतो, की लेकीला दिवस गेले आहेत आणि आईने यायला हवे. पदवीदानाला किंवा नव्या घराच्या वास्तुशांतीला मागेपुढे करता येते. बाळंतपणाची तारीख डॉक्टरांनी सांगितलेली असते आणि ती कोणत्याही कार्यालयाच्या सवडीने सरकत नाही. म्हणून हिशेब उलटा मांडायचा असतो. आधी बाळंतपण, त्याच्या मागे विमान, त्याच्या मागे व्हिसा, त्याच्या मागे पासपोर्ट आणि सगळ्यात मागे पत्र्याच्या पेटीतले जुने कागद.

यातला व्हिसा हा सर्वांत बेभरवशाचा टप्पा. अमेरिकेच्या भेटीच्या व्हिसाच्या अर्जातच पासपोर्टचा क्रमांक भरावा लागतो. म्हणजे पासपोर्ट हाती आल्याशिवाय मुलाखतीच्या रांगेत नावच लागत नाही. ही रांग किती लांबू शकते ते २०२२ च्या अखेरीस दिसले. कोरोनानंतर साचलेल्या अर्जांमुळे मुंबईच्या वकिलातीत पहिल्यांदा व्हिसा मागणाऱ्यांना वर्षाहून बरेच अधिक थांबावे लागत होते. त्या काळात ज्या आईकडे पासपोर्ट तयार नव्हता, ती नातवाच्या बारशालाच काय, त्याच्या पहिल्या वाढदिवसालाही पोचण्याची शक्यता कमी होती. जर्मनी, फ्रान्स वगैरे शेंगेन देशांचा नियम वेगळा. तिथे प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपर्यंत अर्ज करता येतो, किमान पंधरा दिवस हातात ठेवावे लागतात आणि ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो. देश कोणताही असो, शहाणपण एकच. बातमी आल्यावर पासपोर्टची आठवण होणे म्हणजे आधीच उशीर झालेला असणे.

खुद्द पासपोर्टला मात्र आता पूर्वीइतका वेळ लागत नाही. ज्यांनी १९८० किंवा १९९० च्या दशकात पासपोर्ट काढला त्यांना मुंबईची फेरी, दलालाचे टेबल आणि महिनोन्महिने पोस्टमनची वाट आठवते. २०१० नंतर टाटा कन्सल्टन्सीच्या मदतीने पासपोर्ट सेवा केंद्रे सुरू झाली. जानेवारी २०१७ मध्ये टपाल कार्यालयांत केंद्रे उघडायला सुरुवात झाली. त्यांतली पहिली दोन म्हैसूर आणि दाहोद इथे. दाहोद हा नंदुरबारसारखाच भिल्लबहुल जिल्हा, गुजरातेतला. पुढे प्रत्येक लोकसभा मतदारसंघात असे एक केंद्र हवे, असे धोरण ठरले.

नंदुरबारच्या माणसाला त्याहून उपयोगी पडला तो जून २०१८ चा बदल. त्यापूर्वी अर्जदार ज्या पासपोर्ट कार्यालयाच्या हद्दीत राहतो तिथेच त्याला जावे लागे. आता देशातले कोणतेही कार्यालय निवडता येते. नकाशात हा जिल्हा पाहिला की या सवलतीचे मोल कळते. तापीच्या खोऱ्यातून जाणारा सुरत-भुसावळ लोहमार्ग नंदुरबारमधून जातो. सुरतेला स्वतंत्र पासपोर्ट कार्यालय आहे आणि तिथे थेट गाडीने जाता येते. नाशिकचे सेवा केंद्र आपल्या राज्यातले खरे, पण तिकडे थेट रेल्वे नाही, एसटीने दिवस मोडतो. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, हे इथले लोक पाहुण्यांना हौसेने दाखवतात. राज्याची हद्द फलाटावरच ओलांडायची सवय असलेल्या माणसाला पासपोर्टसाठी सुरत परकी वाटायचे कारण नाही. पोलिसांची पडताळणी मात्र अर्जातल्या पत्त्यावरच होते. म्हणजे अर्ज सुरतेत दिला तरी चौकशी नंदुरबार पोलिसांकडेच येते आणि पुस्तिका गावच्या पत्त्यावर टपालाने येते. अर्ज भरताना जवळची केंद्रे आणि तिथल्या मोकळ्या तारखा दिसतात. त्यांत मोकळी तारीख आणि गाडीची सोय एवढेच पाहावे.

आता त्या पेटीकडे. समजा, शहाद्याजवळच्या एका गावातली पंचावन्न वर्षांची बाई आहे, चौथीपर्यंत शिकलेली. तिच्याकडे आधार आहे, मतदार ओळखपत्र आहे, बँकेचे पासबुक आहे. जन्माचा दाखला नाही. कारण ती घरी जन्मली, सुईणीच्या हातावर, आणि नोंद करायला कोणी गेले नाही. सातपुड्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत हे आणखी सर्रास घडले. एका पाड्यापासून दुसरा पाडा डोंगराएवढा लांब, दवाखाना त्याहून लांब. अशा स्त्रीला पासपोर्ट मिळतच नाही असे गावात बोलले जाते, ते खरे नाही. पूर्वी २६ जानेवारी १९८९ नंतर जन्मलेल्यांना जन्मदाखल्याची सक्ती होती. डिसेंबर २०१६ मध्ये ती उठली. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बाळांना तेवढी जन्मदाखल्याची अट आहे. त्याआधी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याचा दाखला, पॅन कार्ड, वाहन परवाना, पूर्ण जन्मतारीख असलेले मतदार ओळखपत्र, आयुर्विमा महामंडळाची पॉलिसी किंवा सरकारी नोकरीच्या सेवापुस्तकाचा उतारा यांतला कोणताही एक कागद चालतो.

‘पूर्ण जन्मतारीख’ या दोन शब्दांवर बोट ठेवायला हवे. जुन्या मतदार ओळखपत्रावर बहुधा नुसते वय असते, किंवा नुसते साल. आधार काढताना ज्यांनी कोणताही पुरावा दिला नाही, त्यांच्या कार्डावर कित्येकदा १ जानेवारी पडली आहे. आणि शाळेच्या दाखल्यावर? महाराष्ट्रात एका विशिष्ट वयाच्या पुढच्या कोणालाही विचारावे, जूनच्या १ तारखेला वाढदिवस असणारे ढिगाने निघतात. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने वय बसवले आणि तारीख ठोकून दिली. गावात यावर विनोद होतो. पासपोर्टच्या खिडकीवर मात्र तो विनोद उरत नाही. दाखल्यावर १ जून १९७०, आधारवर १ जानेवारी १९७२, पॅन कार्ड आधारवरून काढलेले म्हणून तिथेही १९७२. यातली कोणतीही तारीख खरी असेल याची त्या बाईच्या आईलाही खात्री नसते, तिला फक्त एवढेच आठवते की त्या साली दुष्काळ होता.

यावर उपाय असा, की कोणती तारीख धरायची ते आधी ठरवावे आणि बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्यावेत. शाळेचा दाखला असेल तर त्यालाच धरणे बरे. वयाच्या पुराव्यात त्याचे वजन जास्त, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अपघाताच्या भरपाईच्या एका प्रकरणात आधारपेक्षा शाळेचा दाखला ग्राह्य धरला. मग आधारवरची तारीख त्याच्याशी जुळवायची, नंतर पॅनची. हा क्रम उलटा करू नये. आधारवर जन्मतारीख एकदाच आणि नाव दोनदाच बदलता येते. चुकीच्या कागदावर ती संधी घालवली की पुढचा रस्ता लांबचा होतो.

ज्यांना जन्माचा दाखलाच हवा आहे, त्यांच्यासाठीही वाट आहे, पण तिला वेळ लागतो. १९६९ च्या कायद्याने जन्म-मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीकडे आली. त्याआधीच्या नोंदी कोतवालाच्या वहीत होत असत. अशा काही जुन्या वह्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात आजही सापडतात, त्यांतल्या कितीतरी मोडीत. जातीच्या दाखल्यासाठी ‘कोतवाल बुकाची नक्कल’ शोधलेल्या घरांना ही वाट ठाऊक असते. नोंदच झाली नसेल तर उशिराने नोंदणी करता येते. एक वर्ष उलटून गेल्यावर त्यासाठी पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे. २०२३ च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. मालेगावात अशा उशिराच्या नोंदींवरून २०२५ मध्ये वाद पेटला आणि राज्य सरकारने ही प्रक्रिया बरीच कडक केली. विमानाची तारीख जवळ असताना या वाटेला न जाणेच शहाणपणाचे. पॅन किंवा शाळेचा दाखला पुरेसा असताना जन्मदाखल्याचा हट्ट धरून दोन महिने घालवणारी घरे कमी नाहीत.

तारखेनंतरची अडचण नावाची. सरकारी मराठी यादीत आडनाव आधी येते, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा नवऱ्याचे. पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा रकाना वेगळा असतो आणि स्वतःचे व मधले नाव एकत्र लिहायचे असते. यात कोणाचे आडनाव पहिल्या नावाच्या जागी जाते, कोणाचे नवऱ्याचे नाव आडनाव होऊन बसते. त्यात जिल्ह्यातली आडनावे. वळवी रोमन लिपीत कोणी ‘व्ही’ने लिहितो, कोणी ‘डब्ल्यू’ने. वसावे आणि वसावा एकाच घरात सापडतात, महाराष्ट्रातल्या भावाचे एक आणि गुजरातेत वाढलेल्या भावाचे दुसरे. पाडवी, पावरा, गावित, तडवी, प्रत्येकाच्या दोन-तीन जोडण्या कार्डांवर फिरत असतात. गावात त्याने काही बिघडत नाही. व्हिसाच्या अर्जात लेकीच्या पासपोर्टवरचे आईचे नाव आणि आईच्या स्वतःच्या पासपोर्टवरचे नाव वेगळे निघाले, की ‘ही तुमची आई कशावरून’ हा प्रश्न येतो. त्यामुळे आईचा अर्ज भरण्याआधी लेकीच्या पासपोर्टचे शेवटचे पान उघडून तिथे आईचे नाव कसे छापले आहे ते पाहावे.

नुसते एकच नाव असलेल्यांची स्थिती आणखी अवघड. जुन्या कागदांवर ‘सखुबाई’ एवढेच लिहिलेल्या बायका या जिल्ह्यात आहेत. पासपोर्ट एका नावावरही निघतो. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना भेटीच्या व्हिसावर येऊ द्यायचे नाही असे ठरवले, आणि दुबईच्या विमानात बसायला निघालेल्यांची धांदल उडाली. अमेरिकेच्या व्हिसावर अशा माणसाच्या पहिल्या नावाच्या जागी तीन रोमन अक्षरे येतात, त्यांचा अर्थ ‘पहिले नाव अज्ञात’. आयुष्यभर ज्या नावाने गावाने हाक मारली त्या नावाच्या माणसाला ‘अज्ञात’ म्हणणारा हा कागद, म्हणून आडनाव पुढच्या कागदांत एकदाचे घालून घेणे चांगले. लग्नानंतरचे नाव पासपोर्टवर घ्यायचे की माहेरचे, हे बाईने ठरवायचे असते. २०१६ पासून पासपोर्टसाठी विवाहाचा दाखला देणेही सक्तीचे नाही, कित्येक जोडपत्रे साध्या कागदावर स्वतःच्या सहीने देता येतात आणि नोटरीचा शिक्का लागत नाही. तालुक्याच्या गावी कोर्टाबाहेर बसणारे लोक हे सांगतीलच असे नाही.

जिल्ह्याच्या नावाची गंमत वेगळी. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या प्रत्येक दाखल्यावर ‘जि. धुळे’ असते. ‘जिल्हा जुळत नाही, दाखला दुरुस्त करून आणा’ असा सल्ला दुकानांतून सर्रास मिळतो. पासपोर्टवर जन्मस्थान म्हणून गावाचे आणि राज्याचे नाव छापले जाते, त्यामुळे या भानगडीत पडण्याची गरज नाही. गाव तेच असल्याचे कागदांवरून दिसले म्हणजे झाले.

मग येतो पैशांचा प्रश्न. छत्तीस पानी पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये. साठीच्या पुढच्यांना आणि आठ वर्षांच्या आतल्या मुलांना पहिल्या पासपोर्टवर दहा टक्के सूट आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांना १,००० रुपये आणि मुदत पाच वर्षांची. तत्काळ हवा असेल तर वर २,००० रुपये जास्त. हे शुल्क संकेतस्थळावरच भरायचे असते आणि तिथेच भेटीची वेळ मिळते. खऱ्या संकेतस्थळाचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतो. हुबेहूब दिसणारी, शुल्क वाढवून घेणारी आणि कागदपत्रे लंपास करणारी खोटी स्थळे आहेत, त्यांच्याबद्दल परराष्ट्र मंत्रालय वारंवार सावध करते. अर्ज भरता येत नसेल तर गावातल्या आपले सरकार केंद्रात भरून घ्यावा, पण स्वतः शेजारी बसून प्रत्येक अक्षर तपासावे. एका अक्षराची चूक सुधारायला पुन्हा भेटीची वेळ घ्यावी लागते, आणि वेळ बदलण्याची मुभा वर्षात तीनदाच आहे.

केंद्रात गेल्यावर तीन टप्पे असतात, ए, बी आणि सी. पहिल्यात कागद तपासून त्यांच्या प्रती संगणकात घेतात, बोटांचे ठसे घेतात आणि फोटो तिथेच काढतात. दुसऱ्यात सरकारी अधिकारी मूळ कागद पाहतो. तिसऱ्यात निर्णय होतो. पंचावन्न वर्षांच्या आईला इथे एक फायदा मिळतो, जो बहुतेकांना माहीत नसतो. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर परदेशी नोकरीसाठी ‘स्थलांतर तपासणी आवश्यक’ असा शेरा पडतो. १९८३ च्या कायद्यातला तो नियम, आखाती देशांत फसवणूक होणाऱ्या मजुरांच्या संरक्षणासाठी केलेला. पण वयाची पन्नाशी ओलांडलेल्यांना तो लागू नाही. म्हणजे चौथी शिकलेल्या आजीचा पासपोर्ट या बाबतीत पदवीधराच्या बरोबरीचा. वयाचा पुरावा तिथे पक्का हवा, एवढेच.

पोलीस पडताळणी हा भाग लोकांना सगळ्यात भीतीचा वाटतो, पण खरे तर तो सगळ्यात साधा. अर्ज जिल्हा विशेष शाखेमार्फत ठाण्याकडे जातो, तिथला गोपनीय शाखेचा अंमलदार फोन करतो किंवा घरी येतो. नागरिकत्व आणि गुन्ह्यांची नोंद या दोन गोष्टी त्याला पाहायच्या असतात. अडचण होते ती ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गुजरातेत गेलेल्या माणसांची आणि आज गावी, उद्या पुण्याला लेकाकडे अशा राहणाऱ्या म्हाताऱ्यांची. घरी कोणी सापडले नाही तर अहवाल उलटा जातो. अर्ज दिल्यानंतर महिनाभर तरी गावी राहावे. आणि बांधावरून झालेल्या भांडणाची किंवा वन खात्याची केस न्यायालयात चालू असेल तर ती लपवू नये. खटला चालू असतानाही न्यायालयाच्या परवानगीने पासपोर्ट मिळू शकतो. माहिती लपवणे मात्र पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ प्रमाणे गुन्हा आहे. तत्काळमध्ये ही पडताळणी पासपोर्ट दिल्यानंतर होते, म्हणून तो काही दिवसांत निघतो. त्याला ओळखीचे तीन कागद लागतात. जमातीचे प्रमाणपत्र त्यांत चालते, शिधापत्रिकाही चालते. सुमारे ६९ टक्के आदिवासी लोकसंख्येच्या जिल्ह्यात हे दोन्ही कागद बहुतेक घरांत असतात, आणि जन्मतारखेचा कागद मात्र नसतो.

पासपोर्ट म्हणजे सरकारची मेहेरबानी, ही भावना जुन्या माणसांत अजून आहे. ती अगदीच निराधार नव्हती. पहिल्या महायुद्धाआधी हिंदुस्थानातून बाहेर पडायला पासपोर्टची सक्ती नव्हती. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या तेव्हा अडथळे समाजाचे होते, पुस्तिकेचे नव्हते. १९२० मध्ये कायदा आला आणि स्वातंत्र्यानंतरही पासपोर्ट देणे-न देणे सरकारच्या मर्जीवर राहिले. १० एप्रिल १९६७ रोजी सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला, की परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायद्याशिवाय ते अडवता येणार नाही. सरकारला त्याच वर्षी घाईघाईने पासपोर्ट कायदा करावा लागला. १९७८ च्या मनेका गांधी निकालाने तो हक्क आणखी पक्का केला. केंद्रातल्या खिडकीपुढे हात जोडून उभ्या राहणाऱ्या माणसाच्या मागे हे दोन निकाल उभे असतात.

देशभरातल्या पासपोर्टच्या कोऱ्या पुस्तिका नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या जातात. त्यांत आता चिप असलेले ई-पासपोर्ट येऊ लागले आहेत. एप्रिल २०२४ मध्ये त्यांची चाचणी सुरू झाली तेव्हा पहिल्या मोजक्या शहरांत नागपूर होते. पुस्तिकेवर नाव-पत्ता पासपोर्ट कार्यालयात छापला जातो आणि ती स्पीड पोस्टाने निघते. पोस्टमन ती फक्त अर्जदाराच्या हातात देतो, ओळखपत्र पाहून. शेजाऱ्याकडे ठेवत नाही. धडगावच्या पुढे ज्या पाड्यांवर टपाल आठवड्यातून मोजकेच दिवस पोचते, तिथल्या माणसाने टपाल खात्याच्या संकेतस्थळावर पाकिटाचा माग काढून थेट टपाल कार्यालयात जावे. अर्जदार सापडला नाही तर पाकीट परत जाते आणि ते पुन्हा मिळवायला पासपोर्ट कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा लागतो. पाकीट फोडल्यावर आधी नावाचे स्पेलिंग, जन्मतारीख, आई-वडिलांची आणि नवऱ्याची नावे वाचून काढावीत. चूक असेल तर त्याच दिवशी कळवावे. सगळे बरोबर असेल तर क्रमांक लेकीला फोनवरून कळवावा, कारण व्हिसाचा अर्ज बहुधा तीच तिकडून भरणार असते आणि मुंबईच्या मुलाखतीत आईला मराठीत बोलता येईल ही खूणही तिलाच करायची असते.